न्यूझीलंडच्या डोंगरात हरणाची पहिली शिकार: हलकी रायफल, वारा आणि बाकी सगळं

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, नाहीतर पुढचं वाचायच्या आधीच निम्मे लोक भडकतील. भारतात हरणाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि तो असायलाच पाहिजे, तिकडे भेकरं, चितळं, सांबरं स्वतःच्या घरात राहतात आणि त्यांना खाणारे वाघ-बिबटेही तिथेच आहेत. न्यूझीलंडचं गणित उलटं आहे. समुद्रातले सील वगैरे सोडले तर इथला मूळचा सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघूळ. हरणं इंग्रजांनी १८५१ पासून पुढे बोटीत घालून आणली, कशासाठी तर शौक म्हणून. लाल हरणं आली ती डोंगरभर पसरली, सिलोनहून आणलेलं सांबर उत्तर बेटावर अजून टिकून आहे, आपलं चितळ ओटागोत सोडलं होतं ते मात्र संपलं, आणि १९०४ मध्ये हिमालयातले ताहर आओराकी माउंट कुकपाशी सोडले ते आता तिथे इतके झालेत की सरकारला हेलिकॉप्टर लावून कमी करावे लागतात. खाणारं कोणी नाही, त्यामुळे जंगलातली कोवळी रोपं वर येतच नाहीत. १९३० मध्ये हरणांचं कायदेशीर संरक्षण काढलं आणि सरकारने पगारी शिकारी डोंगरात पाठवले, आज ट्रेकिंगला जाताना आपण ज्या पत्र्याच्या हटमध्ये झोपतो त्यातल्या कितीतरी हट नंतरच्या काळात याच लोकांसाठी बांधलेल्या आहेत.

म्हणजे काय, तर इथे बहुतेक सरकारी जंगलात हरणाला सीझन नाही, किती मारायची याची मर्यादा नाही आणि मादी मारली तर कोणी नाक मुरडत नाही, उलट बरं केलंस म्हणतात. नवीन माणसाला शिकायला यापेक्षा सोपा देश मिळणं कठीण. पण डोंगर सोपे नाहीत, आणि हलकी रायफल ही पण दुकानात हातात घेतल्यावर वाटते तेवढी सोपी वस्तू नाही. मी ख्राइस्टचर्चला राहतो, त्यामुळे खालचं सगळं दक्षिण बेटावरच्या लाल हरणांबद्दल आहे, उत्तरेतल्या सिका हरणांचं तंत्र जरा वेगळं असतं.

लायसन्स, आणि त्याच्या आधी घरच्यांची परवानगी

बंदुकीचं लायसन्स 'ते तारी पुरेके' म्हणजे इथली फायरआर्म्स सेफ्टी अथॉरिटी देते, वय १६ पूर्ण पाहिजे. अर्ज भरायचा, थिअरीची परीक्षा द्यायची, प्रॅक्टिकल कोर्स करायचा, मग तुमची मुलाखत आणि घरी येऊन तिजोरीची पाहणी. दोन रेफरी लागतात आणि त्यातला एक तुमचा जोडीदार किंवा घरातलाच जवळचा माणूस असतो, त्यांचीही मुलाखत होते. आता आपल्याकडे घरात बंदूक हे ऐकूनच आई व्हॉट्सअॅप कॉलवर रडायला लागते, तर बायकोला किंवा नवऱ्याला आधी नीट बसवून सांगा, परस्पर फॉर्म भरून मग कळवलं तर मुलाखतीत काय होईल ते मी सांगायला नको. तुमच्या डॉक्टरचं नाव पण द्यावं लागतं. पहिलं लायसन्स ५ वर्षांचं मिळतं, नंतरचं १० वर्षांचं. रायफल घेतली की ती रजिस्ट्रीत नोंदवायची, ही रजिस्ट्री २०२३ पासून सुरू झाली आहे. नियम अधूनमधून बदलतात म्हणून अर्ज करायच्या दिवशी अथॉरिटीची साइटच बघा, ऑफिसमधल्या सहकाऱ्याने दहा वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका.

रायफलची कपाट-तिजोरी आधी, रायफल नंतर. तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की केलेली, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाला विचारूनच भोकं पाडा.

लायसन्स हातात यायला काही महिने लागू शकतात. तोपर्यंत गप्प बसायची गरज नाही, लायसन्सवाला माणूस अगदी शेजारी उभा राहून लक्ष ठेवत असेल तर त्याच्या देखरेखीखाली त्याची रायफल वापरता येते. म्हणून पहिलं काम म्हणजे असा माणूस शोधणं. डीअरस्टॉकर्स असोसिएशन ही १९३७ पासूनची संस्था आहे, तिच्या शाखा बहुतेक शहरांत आहेत आणि नवीन लोकांसाठी त्यांचा हंट्स नावाचा कोर्स असतो, वर्गात पण आणि डोंगरात पण. तिथले काका लोक सुरुवातीला फार बोलत नाहीत पण तुम्ही दोनदा वेळेवर आलात आणि लाकडं तोडायला, चहा करायला पुढे झालात की भरभरून सांगतात. तुम्हाला शिकार करायचीय की नाही हे सुद्धा त्यांच्याबरोबर एकदा हरीण सोलल्यावरच कळेल. नाही जमलं तर नाही जमलं, पैसे वाचले.

सात सुरक्षा नियम पाठ असतीलच, कोर्समध्ये घोकून घेतात. माझ्या मते डोंगरात सगळ्यात जास्त जीव घेणारा म्हणजे चौथा, टार्गेट कुठल्याही शंकेपलीकडे ओळखा. इथे नारिंगी जाकीट सक्तीचं नाही, आणि झुडुपात हललेला तपकिरी तुकडा हरीण समजून आपल्याच जोडीदारावर गोळी झाडल्याचे प्रकार या देशात खरोखर झालेत. म्हणून रंग दिसला, आवाज आला, पाय दिसला, कशावरही बोट ट्रिगरकडे जायला नको. डोकं, मान, खांदा, अख्खं जनावर दिसेपर्यंत ते माणूसच आहे असं धरून चालायचं. जोडीदार नजरेआड झाला की शिकार थांबली, तो कुठे आहे ते कळल्याशिवाय परत सुरू नाही.

रायफल: किती हलकी म्हणजे फार हलकी

आता मजेचा भाग. २०१९ च्या ख्राइस्टचर्च हल्ल्यानंतर बहुतेक सेमी-ऑटो बंद झाल्या, त्यामुळे डोंगरासाठी बोल्ट-अॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रायफल, हेच उत्तर आहे आणि तसंही तेच बरोबर होतं. इथे कुठल्याही हटमध्ये संध्याकाळी भिंतीला टेकवलेल्या रायफली बघा, त्यात एक तरी टिक्का टी३एक्स लाइट असणारच. तीन किलोच्या जरा आत वजन, सिंथेटिक दस्ता, बोल्ट लोण्यासारखा चालतो, आणि किंमत अगदी किडनी विकावी अशी नाही. माझी पण तीच आहे, ७ एमएम-०८ मध्ये (हे काडतुसाचं माप), २० इंची नळी. यापेक्षा हलक्या मिळतात, किंबर माउंटन असेंट शॉर्ट अॅक्शनमध्ये सव्वादोन किलोच्या आसपास येते, हातात घेतली की खेळण्यातली वाटते आणि तिथेच लोक फसतात.

कारण वजन कमी केलं की तीन गोष्टी होतात. एक, धक्का वाढतो. तेच काडतूस ४ किलोच्या रायफलऐवजी ३ किलोच्या रायफलमधून मारलं तर खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा साधारण एक तृतीयांशने जास्त, हे सरळ फिजिक्स आहे. दोन, रायफल हातात स्थिर राहत नाही, तुमच्या नाडीचे ठोके सुद्धा क्रॉसहेअरमध्ये दिसतात, आणि ट्रिगर दाबायला जेवढा जोर लागतो तेवढ्यानेच ती हलू शकते. तीन, बारीक नळी पटकन तापते, तीन गोळ्यांनंतर नेम सरकायला लागतो, मग रेंजवर म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर नवीन माणूस स्कोपचे स्क्रू फिरवत बसतो आणि आणखी घोळ घालतो.

मग हलकी घ्यायची कशाला? कारण चढ. इथे गाडी लावली की नदीकाठाने दोन-तीन तास, मग बीच नावाच्या झाडांच्या रानातून उभी सोंड, आणि गवत सुरू होईपर्यंत हजार मीटर चढून झालेले असतात. लिंगाण्याला किंवा हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने गेलेल्यांना मी काय म्हणतोय ते कळेल, तिथे शेवटच्या तासात पाण्याची जादा बाटली पण शत्रू वाटते. जड रायफल घेऊन गेलेला माणूस शेवटची धार गाठत नाही, खालीच कुठेतरी "इथूनच बघू" म्हणून बसतो आणि हरणं वर असतात. हलक्या रायफलचा फायदा एवढाच आहे, ती तुम्हाला वर पोचवते. नेम ती लावून देत नाही, ते काम तिने उलट अवघड करून ठेवलेलं असतं.

म्हणून माझा सल्ला असा: रायफल हलकी, काडतूस मध्यम, अंतर कमी. ७ एमएम-०८, .३०८, ६.५ क्रीडमूर, यातलं काहीही लाल हरणाला पुरून उरतं. .२७० पण छान आहे, धक्का थोडा जास्त. .२४३ ने पण चालतं, पण ती गोळी कुठे लागते त्यावर सगळं, मोठ्या नराला खांद्याच्या हाडावर लागली तर काम बिघडतं. दुकानात कोणी .३०० मॅग्नम, म्हणजे फार जोरदार धक्क्याचं काडतूस, गळ्यात मारायला लागला तर हसून पुढे जा. अडीच-पावणेतीन किलोच्या रायफलमधून मॅग्नम मारणारा नवशिका दुसऱ्या गोळीपासून डोळे मिटून ट्रिगर ओढतो, हे मी रेंजवर परत परत बघितलंय.

सप्रेसर घ्या. भारतातून आलेल्यांना हे ऐकून धक्का बसतो, सायलेन्सर म्हणजे आपल्याला फक्त सिनेमातला डॉन आठवतो, पण इथे ते कायदेशीर आहे आणि अर्ध्याहून जास्त शिकारी लावतात असं मला तरी दिसतं. कान वाचतात, धक्का बराच कमी होतो, आणि गोळी कुठून आली ते हरणांना पटकन कळत नाही. तीनशे-चारशे ग्रॅम वाढतात, लांबी वाढते, म्हणून नळी २० इंचाची किंवा त्याहून आखूड बरी पडते. याउलट मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा भोकांचा तुकडा) धक्का कमी करतो पण शेजारच्याचे कान फाडतो, तुमच्याबरोबर परत कोणी येणार नाही. स्कोप साधा, ३-९ पॉवरचा, हलका आणि चांगल्या कंपनीचा. २५ पॉवरचा मोठा नळकांडा या रायफलवर लावला तर हलकी रायफल घेतली कशाला?

रेंजवर

पहिला दिवस फक्त झीरो करायचा, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी बसते ती जागा जुळवायची. १०० मीटरवर गोळी नेमापेक्षा ४-५ सेंटीमीटर वर बसेल असं लावा, म्हणजे या काडतुसांना साधारण २०० मीटरवर ती बरोबर नेमावर येते आणि २५० ला ८-१० सेंटीमीटर खाली. म्हणजे २०० पर्यंत कुठलंही गणित न करता सरळ नेम धरायचा. तीन गोळ्या मारा, नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा, चहा प्या, परत तीन. डोंगरात पहिली गोळी नेहमी गार नळीतूनच जाते त्यामुळे ती कुठे बसते हेच महत्त्वाचं, पाचवी कुठे गेली याला काही अर्थ नाही.

बेंचवर बसून सगळेच शार्पशूटर असतात. झीरो झाला की बेंच सोडा. सॅक जमिनीवर टाका, तिच्यावर रायफलचा पुढचा लाकडाचा किंवा प्लास्टिकचा भाग टेकवा, नळी कशालाही टेकवायची नाही, आणि हलकी रायफल असल्यामुळे डाव्या हाताने पुढचा भाग घट्ट खाली धरा, जड रायफलसारखी सैल ठेवली तर ती उडते आणि गोळी वर जाते. मग बसून, गुडघ्यांवर कोपर टेकवून. मग शंभर मीटर पळत जाऊन या आणि धापा टाकत मारा, लोक बघतील, बघू दे. वीस सेंटीमीटरची कागदी प्लेट लावा, ज्या अंतरापर्यंत दहापैकी दहा गोळ्या प्लेटमध्ये बसतात तेच तुमचं अंतर. बहुतेकांचं सुरुवातीला १५० मीटर निघतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. यूट्यूबवरचे ७०० मीटरवाले सोडून द्या, चुकलेल्या गोळीचा व्हिडिओ कोणी टाकत नाही.

कुठे आणि कधी

सरकारी जंगलासाठी डॉकचं म्हणजे कॉन्झर्वेशन खात्याचं परमिट लागतं, ऑनलाइन, फुकट. त्यावर कुठले भाग उघडे आहेत ते असतं. काही ठिकाणी, उदाहरणार्थ फिओर्डलँडमध्ये वापिटी या मोठ्या हरणाच्या हंगामात, चिठ्ठ्या काढून जागा देतात, ते नंतर बघा. रात्री टॉर्च मारून शिकार करणं सरकारी जमिनीवर बंद आहे, आणि हट, ट्रॅक, कॅम्पसाइट, रस्ता यांच्या आसपास गोळी चालवायची नाही. खासगी जमिनीवर मालकाला विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, कुंपण तुटलेलं असलं तरी.

परमिट काढताना एक गोष्ट हमखास बघायची, डॉकच्या साइटवरचा विषाचा नकाशा. पोसम आणि उंदीर मारायला इथे १०८० नावाचं विष हेलिकॉप्टरमधून टाकतात, त्या भागातलं हरणाचं मांस ठरावीक मुदत संपेपर्यंत खायचं नाही. वाटेच्या सुरुवातीला बोर्ड लावलेला असतो, तो न वाचता पुढे जाऊ नका.

ख्राइस्टचर्चवाल्यांना लुईस पास आणि लेक समनरचा परिसर सोयीचा, गाडीने दोन-तीन तासांत. नेल्सनकडच्यांना नेल्सन लेक्सचा भाग. नकाशा टोपो५० घ्या, १:५०,००० आणि २० मीटरच्या कंटूर रेषा, फोनवर डाउनलोड करा आणि एक कागदावर पण, कारण थंडीत फोनची बॅटरी बसते.

नवीन माणसासाठी सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर, इथला वसंत. हिवाळाभर उपाशी असलेली हरणं नवं गवत खायला नदीकाठच्या सपाटीवर आणि दरड कोसळून हिरव्या झालेल्या पट्ट्यांवर उतरतात, म्हणजे तुम्हाला फार चढावं पण लागत नाही. सगळ्यांना पहिल्यांदा जायचं असतं ते रोअरला, मार्चअखेर ते एप्रिल, जेव्हा नर ओरडतात. तो आवाज एकदा तरी ऐकावाच, रान अक्षरशः थरथरतं. पण तेव्हा रानात माणसं पण जास्तीत जास्त असतात, आणि नराचा आवाज काढणारा समोरचा नर नसून नेल्सनचा एखादा सुतार असू शकतो. पहिली शिकार म्हणून रोअर निवडू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी मादीबरोबर लहान पाडस असतं, कायद्याने बंदी नाही, तरी मी त्या काळात मादी सोडतो.

सामान, थोडक्यात

कॉटन घरी ठेवा. जीन्स घालून आलेला माणूस मी परत पाठवलाय. मेरिनो किंवा पॉलिप्रो आतून, चांगला रेनकोट, भर उन्हाळ्यात सुद्धा टोपी आणि हातमोजे, कारण वर जानेवारीत पण बर्फ पडू शकतो. पीएलबी म्हणजे सॅटेलाइटवरून मदत मागायचं छोटं यंत्र, हे रायफलच्या आधी घ्या किंवा भाड्याने आणा, बहुतेक खोऱ्यांत फोनला रेंज नसते. कुठे जातोय आणि कधी परत येणार हे घरी लिहून द्या, हटच्या वहीत पण लिहा. दुर्बीण ८x४२ किंवा १०x४२, आणि इथे कंजूषी करू नका, मी तर म्हणेन रायफलमधले हजार डॉलर कमी करा आणि दुर्बिणीत घाला. सुरी, दोन कापडी मटणाच्या पिशव्या, हेडलॅम्प, जादा बॅटरी. सँडफ्लाय नावाच्या माश्यांसाठी काहीतरी, त्यांच्यापुढे कोकणातले डास सभ्य वाटतात. आणि केआ पोपट दिसले तर बूट बाहेर ठेवू नका, रबर कुरतडून ठेवतात, आणि संरक्षित आहेत त्यामुळे फक्त शिव्याच देता येतात.

नद्यांबद्दल मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही. सह्याद्रीतला ओढा आपल्याला माहीत असतो, पाऊस इथे पडतो आणि ओढा इथेच फुगतो. दक्षिण बेटावर वायव्येचा वारा सुटला की मुख्य धारेवर धो धो पाऊस पडतो आणि पूर्वेला तुम्ही कोरड्या उन्हात बसलेले असता, तेवढ्यात खालची नदी फुगते. जाताना गुडघ्याएवढी असलेली नदी येताना कमरेच्या वर. पाणी चालण्याच्या वेगापेक्षा जोरात पळत असेल, गढूळ असेल, किंवा आतून दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर ओलांडायची नाही, तिथेच तंबू लावा, ऑफिस बुडू दे. ओलांडायचीच तर जिथे पात्र पसरट आहे तिथे, एकमेकांच्या सॅकमागून हात घालून, एका रांगेत. एकट्याने नाही.

डोंगरात: आधी बसा

नवीन माणूस चालत राहतो. ट्रेकची सवय, टॉपला पोचायचं असतं ना. शिकारीत उलट, उजाडायच्या आधी एखाद्या उंचवट्यावर पोचायचं, अगदी कडेला नको, थोडं खाली, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर आपली आकृती दिसणार नाही, आणि बसून राहायचं. समोरचा उतार दुर्बिणीने पट्ट्या पाडून बघायचा, डावीकडून उजवीकडे, मग खालची पट्टी. अख्खं हरीण शोधू नका, ते कधीच दिसत नाही. आडवी रेषा शोधा, रानात झाडं उभी असतात आणि पाठ आडवी असते. कान हलतो. ढुंगणावरचा फिकट पट्टा दिसतो. एक जागा तीनदा बघून झाली की चौथ्यांदा तिथेच हरीण उभं असतं, कुठून आलं देवाला माहीत.

बघायचं कुठे तर रान संपून गवत सुरू होतं ती किनार, घळीची तोंडं, जुन्या दरडी. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना हमखास उलटी पडते, इथे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून थंडीत हरणं उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारांवर ऊन खात बसतात. वेळ पहाटेची आणि संध्याकाळची, मधल्या वेळात ती रानात रवंथ करतात आणि तुम्ही झोपा.

वारा. यावर खरं तर वेगळा लेख लिहायला पाहिजे. हरणाला तुम्ही दिसलात तर ते थांबून बघतं, आवाज ऐकला तर कान टवकारून उभं राहतं, पण वास आला तर चर्चा संपली. पहाटे थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली वाहते, तेव्हा तुम्ही हरणाच्या खाली असलात तर बरं. ऊन उतारावर पडलं की तासाभरात हवा फिरते आणि वर चढायला लागते, आता तुम्ही वर पाहिजेत. संध्याकाळी सावली आली की परत खाली. जेव्हा फिरत असते तो अर्धा तास काहीही करू नका, हलू नका. या सगळ्यावर त्या दिवशीचा मोठा वारा वेगळाच, तो घळीत शिरून गिरक्या घेतो. छोट्या बाटलीत टाल्कम पावडर ठेवा, दर काही मिनिटांनी फुस्स करून बघा, वारा मानेवर लागला की दुसरी वाट धरा, भले दोन तासांचा वळसा पडला तरी. इथेच हलकी रायफल स्वतःचे पैसे वसूल करते, वळसा घ्यायची हिंमत शिल्लक असते.

जवळ जाताना मधे धार किंवा सोंड आड ठेवा. घसाऱ्यावर पाय टाकू नका, दगड सुटला की त्याचा आवाज खोरंभर जातो. आणि चालताना चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाचं काडतुसाचं घर, रिकामं. मॅगझिनमध्ये काडतुसं असू देत, पण चेंबरमध्ये काडतूस फक्त समोर हरीण आहे आणि तुम्ही आडवे पडलात तेव्हाच. चढणीवर सगळेच घसरतात.

गोळी

सॅक पुढे, आडवं पडा, श्वास जागेवर येऊ द्या. अंतर रेंजफाइंडरने मोजा, आणि खूप उताराचा शॉट असेल तर लक्षात ठेवा की गोळीची घट सरळ आडव्या अंतरावर ठरते. ३० अंशाच्या उतारावर ३०० मीटर म्हणजे आडवे २६० च, त्यामुळे वर असो की खाली, नेम नेहमीपेक्षा थोडा खाली धरायचा. तुम्ही २०० च्या आत राहिलात तर हे गणित करायची वेळच येत नाही.

हरणाच्या मागे काय आहे ते बघा. धारेवर, आकाशासमोर उभं असेल तर गोळी नाही, ती पलीकडच्या खोऱ्यात कुठे जाईल कोणास ठाऊक. मागे माती पाहिजे, आणि मागे दुसरं हरीण नको.

आडवं उभं राहू द्या. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर या, शरीराच्या उंचीच्या खालून एक तृतीयांश, तिथे हृदय आणि फुप्फुसं. डोकं नाही, मान नाही, "बघू लागते का" नाही. तोंड तुमच्याकडे असेल किंवा पाठ असेल तर थांबा, आणि निघून गेलं तर जाऊ द्या.

गोळी मारल्यावर लगेच बोल्ट ओढून दुसरं काडतूस भरा आणि स्कोपमधून बघत राहा. बरोबर लागलेलं हरीण सुद्धा पन्नास-शंभर मीटर पळतं, ते पळालं म्हणजे चुकलं असं नाही. शेवटचं कुठे दिसलं ती जागा झाडा-दगडाच्या खुणेने पक्की करा, तुम्ही जिथून मारलं तिथे सॅकचं कव्हर बांधा आणि फोनवर पॉइंट टाका, कारण दरी ओलांडून पलीकडे गेल्यावर सगळे दगड सारखे दिसतात. १०-१५ मिनिटं थांबा, हात थरथरत असतातच. मग त्या जागी जाऊन रक्त शोधा, गुलाबी फेसाळ असेल तर फुप्फुस, हरीण जवळच पडलेलं आहे. हिरवट, वास येणारं असेल तर पोटाला लागलंय, तेव्हा लगेच मागे लागू नका, दोनेक तास थांबून हळूहळू माग काढा, आणि अंधार पडला तरी शोध अर्धवट सोडू नका. वरच्या बाजूने जवळ जा, काडीने डोळ्याला स्पर्श करून बघा, पापणी हलली नाही तर रायफल रिकामी करून बाजूला ठेवा.

आता खरं काम

मांस गरम राहिलं की खराब होतं, त्यामुळे फोटो दोन मिनिटांत उरका. पोट उघडताना सुरीचं पातं वरच्या दिशेला ठेवा, दोन बोटांमध्ये धरून, आतडं फुटलं तर त्या बाजूचं मांस वाया. काळीज आणि हृदय वेगळ्या पिशवीत, पण काळजावर पांढरे डाग किंवा गाठी दिसल्या तर टाकून द्या. लांबचा रस्ता असेल तर अख्खं हरीण ओढायच्या भानगडीत पडू नका, मागचे दोन पाय, पाठीच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या, पुढचे पाय आणि आतल्या बाजूची बारीक फिलेट, हाडं तिथेच काढून टाकली तर वजन बरंच उतरतं. गोळी जिथून गेली तिथलं काळंनिळं मांस सढळ हाताने कापून टाका, त्यात शिशाचे बारीक कण असतात. कापडी पिशवीत भरा, प्लास्टिकमध्ये अजिबात नाही, सावलीत वाऱ्यावर टांगा. शिंगं घेऊन येत असाल तर त्यांच्यावर नारिंगी कापड बांधा, रानातून चालणारी शिंगं बघून दुसरा कोणी काय समजेल याचा विचार करा.

हटमध्ये शिरण्याआधी रायफल पूर्ण रिकामी, बोल्ट काढून खिशात. गाडीत भरलेली रायफल कायद्याने चालत नाही, आणि परतताना वाटेत बेकरीत पाई खाण्यासाठी थांबलात तर एकाने गाडीजवळ थांबायचं.

मांस विकता येत नाही, अगदी ओळखीच्या हॉटेलवाल्याला पण नाही. वाटायला हरकत नाही, आणि ते वाटून संपतंच, मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक फोटो टाकला की गुरुवार-शनिवार पाळणारे सुद्धा शुक्रवारी येऊन डबा नेतात. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस ठेवून मग कापा, नरम होतं. हरणाच्या मांसात चरबी जवळपास नसते, त्यामुळे पाठीची पट्टी मटणासारखी तासभर शिजवली तर चामडं होईल, ती गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं आणि आतून गुलाबी असतानाच उतरवायची. नळ्या आणि पुढचे पाय मात्र कुकरला लावा, कांदा-खोबऱ्याचं वाटण, कोल्हापुरी चटणी, आठ-दहा शिट्ट्या, आणि तेल नेहमीपेक्षा जरा जास्त घाला कारण तवंग येण्यासारखं त्या मांसात स्वतःचं काही नसतं. उरलेल्याचा खिमा करून अर्धा-अर्धा किलोच्या पाकिटांत तारीख लिहून फ्रीझरमध्ये. रायफल ओली झाली असेल तर ती त्याच रात्री पुसून, नळीत तेलाचा कपडा फिरवून, पूर्ण वाळल्यावरच तिजोरीत ठेवा, आणि पुढच्या वेळी निघायच्या आधी रेंजवर एक गोळी मारून झीरो हललाय का ते बघा, गाडीच्या डिकीत आदळून तो हलतो.